दोन डेनिस, दोन वेताळ आणि आमची नात

मंडळाच्या संकेतस्थळावर मी आजवर जे लिहिलं ते मुदत ठेवी, वारस नोंदणी आणि ज्येष्ठ नागरिकांची बचत योजना असल्या विषयांवर. बँकेत उभी हयात गेलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही कोणी करत नाही. आज मात्र मुलांच्या एका कॉमिकबद्दल लिहिणार आहे. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली मुलं, नातवंडं परदेशात आहेत. काही अमेरिकेत आहेत, काही इंग्लंडात, आणि आमच्या मुलीसारखी काही आधी अमेरिकेत राहून मग इंग्लंडात गेलेली आहेत. या तिसऱ्या प्रकारच्या घरांना माझा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं. त्या अनुभवात चूक माझी होती, तेही सांगून टाकतो.

आमच्या नातीचा जन्म न्यू जर्सीचा. २०१९ मध्ये आम्ही दोघं तिकडे गेलो होतो तेव्हा ती पाच वर्षांची होती. जाताना मी 'डेनिस द मेनेस'चं एक जुनं पुस्तक घेऊन गेलो होतो. बँकेत नवा लागलो तेव्हा इंग्रजी सुधारावं म्हणून टाइम्स ऑफ इंडिया वाचायचो. खरं सांगायचं तर त्यातला डेनिसच आधी वाचायचो. पिवळ्या केसांचं, खांद्यावर पट्टे असलेली विजार घातलेलं कार्टं. शेजारच्या विल्सनकाकांना छळणारं, पण मनानं निर्मळ. ते पुस्तक नातीला इतकं आवडलं की रोज रात्री पाच-सहा चित्रं झाल्याशिवाय ती झोपायची नाही.

२०२२ मध्ये जावयांची नोकरी इंग्लंडला हलली. नात आठ वर्षांची होती, शाळा नवी, वर्ग नवा. बोलणं अमेरिकन वळणाचं, त्यामुळे तोंड उघडलं की पोरं वळून बघायची. पहिल्या महिन्यात तिनं व्हिडिओ कॉलवर मला विचारलं, "आबा, इथे सगळे डेनिसबद्दल बोलतात. आपलाच ना तो?" मी छातीठोकपणे सांगितलं, "आपलाच. जा आणि सांग त्यांना, मला सगळा डेनिस पाठ आहे."

तिनं सांगितलं. पिवळे केस, विल्सनकाका, सगळं सांगितलं. वर्ग खदाखदा हसला. कारण त्यांचा डेनिस वेगळा. काळ्या राठ केसांचा, लाल-काळ्या पट्ट्यांचा स्वेटर घालणारा, सोबत काळं झिपरं कुत्रं घेऊन हिंडणारा. विल्सनकाका कोण, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. नंतरचे काही दिवस तिला "अमेरिकन डेनिस" म्हणून चिडवलं गेलं. घरी येऊन ती काही बोलली नाही. माझ्याशी बोलणं मात्र दोन मिनिटांवर आलं. "हो आबा, बरी आहे आबा, आईला देते." कारण मला तीन आठवड्यांनी मुलीकडून कळलं.

त्या रात्री मी शोधाला लागलो. जे सापडलं ते आधी सांगतो, कारण गोष्ट मजेची आहे.

अमेरिकेतला डेनिस हँक केचम या चित्रकारानं काढला. तो वर्तमानपत्रांत आला १२ मार्च १९५१ रोजी. ब्रिटनमधला डेनिस आला 'बीनो' या साप्ताहिक कॉमिकच्या १७ मार्च १९५१ च्या अंकात. त्याचा चित्रकार डेव्हिड लॉ. अंकावर तारीख १७ असली तरी दुकानात तो आधी आला होता, १२ मार्चलाच. म्हणजे अटलांटिक महासागराच्या दोन किनाऱ्यांवर, एकाच दिवशी, एकाच नावाची दोन व्रात्य पोरं जन्माला आली. एकानं दुसऱ्याची नक्कल केली म्हणावं तर वेळच नव्हता. हा निव्वळ योगायोग. बँकेत एकाच नावाचे दोन खातेदार एकाच दिवशी खातं उघडायला आले तर कारकुनाची काय तारांबळ उडते, ते मला माहीत आहे. पुढे कोणी कोणाच्या मुलखात जायचं तर नावात थोडी काटछाट करावी लागली, पण भांडण असं झालं नाही.

हे नातीला सांगायला दुसऱ्या दिवशी कॉल केला. ऐकून ती एवढंच म्हणाली, "पण हसले ते माझ्यावर." ते खरंच होतं. तारखा सांगून तिला काय मिळणार? मग मी तिला माझे दोन वेताळ सांगितले.

आपल्यापैकी साठीच्या पुढच्यांना आठवत असेल. घरात मराठी, शाळेत आणि गल्लीत हिंदी, असं आपलं बऱ्हाणपूरचं बालपण. भुसावळला माझ्या मावशीकडे 'चांदोबा' यायचा. त्यात विक्रमादित्य राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगणारा, आणि राजा बोलला की परत झाडाला जाऊन लटकणारा वेताळ होता. मला वेताळ माहीत होता तो हा. इथे शाळेत एक दिवस मधल्या सुट्टीत पोरं म्हणाली, "वेतालची नवी किताब आली." मी पुढे होऊन झाडावरच्या प्रेताची गोष्ट सांगायला लागलो. जे हसले म्हणता! त्यांचा वेताल म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला, तोंडावर मुखवटा, अंगाला घट्ट चिकटलेला पोशाख, कवटीच्या गुहेत राहणारा. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाचा हा 'फँटम'. १९३६ साली तिकडे सुरू झालेला, १९६४ च्या मार्चपासून इंद्रजालमधून आपल्याकडे आलेला. हिंदीत त्याचा वेताल केला, मराठीत वेताळ. नाव आमच्या झाडावरच्याचं, माणूस अमेरिकेचा. मला महिनाभर सगळे "पेडवाला" म्हणत होते.

हे ऐकल्यावर नात पहिल्यांदा हसली. "पेडवाला म्हणजे काय?" तेही सांगावं लागलं. मग तिनं विचारलं, "मग तू काय केलंस?" मी म्हटलं, "एका पोराकडून ती किताब मागून घेतली आणि वाचली." त्यावर थोडा वेळ गप्प, आणि मग, "आईला सांग ना, मला बीनो आणून दे."

तेव्हापासून बीनो त्यांच्या घरी दर आठवड्याला येतो. ती तिकडे वाचते, मी इकडे समजून घेतो. दोघंही नवखे. आता या बीनोची माहिती सविस्तर देतो.

बीनो निघाला ३० जुलै १९३८ रोजी. प्रकाशक डी. सी. थॉमसन, गाव स्कॉटलंडमधलं डंडी. किंमत होती दोन पेन्स. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर डेनिस नव्हता, बिग एगो नावाचा एक शहामृग होता. याच कंपनीचं 'डँडी' नावाचं कॉमिक आठ महिने आधी, डिसेंबर १९३७ मध्ये सुरू झालं होतं. डँडी छापील रूपात २०१२ च्या डिसेंबरमध्ये, बरोबर ७५ वर्षांनी बंद पडला. बीनो अजून चालू आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याचा ४,००० वा अंक निघाला. १९५० च्या सुमारास तो आठवड्याला २० लाखांच्या जवळपास खपत होता. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये ज्या घरात मूल त्या घरात बीनो किंवा डँडी, असाच प्रकार असणार.

मधे युद्ध आलं. कागद मिळेना. तेव्हा बीनो आणि डँडी आलटून पालटून निघू लागले, एका आठवड्याला हा, दुसऱ्या आठवड्याला तो. हा प्रकार १९४९ पर्यंत चालला. कागदाची टंचाई म्हणजे काय, ते आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. वर्तमानपत्राचा कागद देशात बनावा म्हणून देशातली पहिली गिरणी निघाली ती आपल्या नेपानगरला, आणि १९५६ मध्ये पंडित नेहरू तिच्यासाठी इथे आले होते. नातीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे बीनोचा कागद आपल्या गावचा?" नाही म्हणायला जिवावर आलं, पण नाही म्हटलं.

आता अमेरिकेतून आलेल्या मुलाची खरी अडचण काय होते, ते सांगतो. आमच्या नातीनं पहिला अंक हातात घेतल्यावर विचारलं, "हा तर चार हजारच्या पुढचा नंबर आहे. आधीचे कुठे मिळतील? पहिल्यापासून वाचायला हवं ना?" अमेरिकन कॉमिकची सवय असलेलं मूल हेच विचारणार. सुपरमॅनही १९३८ सालचाच, बीनोच्या काही महिने आधीचा. पण तिकडच्या अशा कॉमिकमध्ये एक नायक आणि त्याची लांबत जाणारी कथा असते. या महिन्यात कोण मेलं, पुढच्या महिन्यात कोण परत आलं, याचा हिशेब ठेवावा लागतो. मधूनच शिरलेल्या वाचकाला मागची बाकी माहीत नसते, म्हणून पुढचं पान लागत नाही.

बीनोत मागची बाकी ओढायची नसते. प्रत्येक अंक शून्यावर सुरू होतो. एका अंकात अनेक पात्रं, प्रत्येकाला एक-दोन पानं. खोडी सुचते, खोडी केली जाते, ती अंगाशी येते किंवा येत नाही, पान संपतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा कोरी पाटी. डेनिस १९५१ पासून शाळेतच आहे, वर्गही तोच. तरी गंमत बघा, १९९८ मध्ये त्याला एक बहीण झाली, बिया नावाची. जन्म झाला, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मग ती तान्हीच राहिली. आपल्या चिंटूचंही असंच. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये आला. तेव्हा त्याच्याबरोबरीनं वाचणारी पोरं आज स्वतः आई-बाप झाली, चिंटू आणि पप्पू अजून खेळतच आहेत. चिंटू कोणी पहिल्या दिवसापासून क्रमानं वाचत नाही. सकाळी पेपर उघडला की जो असेल तो.

म्हणून इतर आजी-आजोबांना माझं सांगणं आहे की मूल जुने अंक मागत असेल तर त्यामागे धावू नका. जुने अंक हौशी लोक चढ्या भावानं विकतात. हातात आला तो अंक पुरतो.

पण पुरतो म्हणजे सगळा कळतो असं नाही. गोष्ट कळते, घरगुती गोष्टी कळत नाहीत, आणि तिथेच नवखं मूल अडतं. डेनिसचा तो पट्ट्यांचा स्वेटर घ्या. ब्रिटिश लोक त्याला 'जंपर' म्हणतात. अमेरिकेत 'जंपर' म्हणजे मुलींचा बिनबाह्यांचा झगा. नातीला वाटलं, डेनिस झगा घालतो की काय! 'चिप्स' म्हणजे तिच्या मते वेफर्स, तर तिकडे ते बटाट्याचे गरम तळलेले तुकडे, आणि वेफर्सना 'क्रिस्प्स'. डेनिसच्या हातातली गलोल अमेरिकेत 'स्लिंगशॉट', ब्रिटनमध्ये 'कॅटापुल्ट'. आणि शेवटच्या चित्रात बक्षीस म्हणून जे येतं, ते कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर आणि त्यात खोचलेले सॉसेज. हे बक्षीस कसं, हा तिला प्रश्न पडला. जो देश वर्षानुवर्षं रेशनवर जेवला, त्याच्या मुलांना भरलेलं ताट हेच मोठं बक्षीस वाटलं असेल, असं मी तिला सांगितलं. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो.

सगळ्यात घोळ झाला तो कुत्र्याच्या नावावरून. हे कुत्रं १९६८ मध्ये आलं. 'अॅबिसिनियन वायर-हेअर्ड ट्राइप हाउंड' अशी त्याची भारदस्त जात सांगतात, आणि अशी जात जगात कुठेही नाही. नाव इंग्रजीत जी, एन अशा अक्षरांनी सुरू होतं. नात आणि मी दोघंही 'ग्नॅशर' म्हणायचो. शाळेत पुन्हा फजिती नको म्हणून या वेळी तिनं आधी चौकशी केली. बाकाशेजारच्या मुलीला विचारलं. तिनं सांगितलं की ग लिहायचा, पण म्हणायचा नाही. 'नॅशर'. दात करकर चावणारा, असा त्याचा अर्थ. आणि विनोद असा की हे कुत्रं जे बोलतं त्यात 'न' ने सुरू होणाऱ्या शब्दामागे तो मुका ग लावून लिहितात. कानाला काही फरक नाही, फक्त डोळ्यांना दिसतो. एवढीशी गोष्ट, पण ज्याला माहीत आहे तो आतला आणि ज्याला माहीत नाही तो बाहेरचा. नातीनं हे मला सांगितलं त्या दिवशी कॉल चाळीस मिनिटं चालला, आणि त्यात त्या बाकाशेजारच्या मुलीचं नाव चार वेळा आलं.

हाच नॅशर १९८६ मध्ये काही आठवडे अंकातून गायब झाला होता. वाचक पोरांचा जीव टांगणीला लागला. परत आला तो पिल्लांचा बाप होऊनच. त्यातलं निपर नावाचं एक पिल्लू पुढे राहिलं. निपरलाही तोच मुका ग.

डेनिसखेरीज बाकीची मंडळीही जुनीच आहेत. १९५३ मध्ये मिनी आली. तीही लाल-काळ्या पट्ट्यांतली, कोणत्याही मुलाला न भिणारी. त्याच वर्षी रॉजर आला. कामं टाळायच्या युक्त्या त्यानं चोपड्यांत लिहून ठेवल्या आहेत. आमच्या शाखेत असे दोघे होते, चोपडीशिवाय काम भागवायचे. १९५४ मध्ये लिओ बॅक्सेंडेल यांनी एका वात्रट वर्गाचं पान सुरू केलं, तेच आजचे 'बॅश स्ट्रीट किड्स'. मिनीही त्यांचीच. हा वर्ग १९६२ पासून डेव्हिड सदरलँड काढत होते. २०२३ च्या जानेवारीत ते वारले, तोपर्यंत. साठ वर्षं दर आठवड्याला तीच पोरं काढायची! मी ३७ वर्षं नोकरी केली आणि शेवटची पाच दिवस मोजत काढली.

आता एका नाजूक बाजूकडे येतो. जुना बीनो वाचला तर पान बऱ्याचदा एकाच चित्रावर संपतं. बाप मुलाला आडवा घालून सपातेनं बडवतो आहे. त्या काळी यात कोणाला वावगं वाटलं नसणार. आपणही छडी खाल्लेली, घरी येऊन सांगितलं तर वर दुसरी खाल्लेली पिढी. ब्रिटनमध्ये सरकारी शाळांतली मारहाण १९८६ च्या कायद्यानं बंद झाली, आणि त्याच दशकात बीनोतली सपातही गेली. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतला मार बंद केला, तो १ एप्रिल २०१० पासून. नातीला मी एक जुनं चित्र दाखवलं तर तिनं विचारलं, "त्याचे बाबा रागावले की पुढच्या आठवड्यात तो विसरतो का?" मी म्हटलं, विसरतो, तिथे सगळेच विसरतात. तिनं मान हलवली. पटलेलं दिसलं नाही.

दुसरं पात्र म्हणजे वॉल्टर. डेनिसच्या अगदी उलटा. नीटनेटका, अभ्यासू, जोरानं न बोलणारा, फुलांची आवड असलेला. अनेक वर्षं त्याला 'सॉफ्टी', म्हणजे मऊ, भित्रा, असं म्हणून डेनिस पिटाळत असे आणि वाचकांनी हसायचं, असा रिवाज होता. आमची नात वॉल्टरसारखीच आहे. शांत, वही नीट ठेवणारी. एका जुन्या वार्षिकात वॉल्टरची टर उडवलेली वाचून ती म्हणाली, "आबा, यात डेनिस हिरो आहे ना? मग मी कोण?"

खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. "आपण गोष्ट वाचतो, गोष्टीत राहत नाही" असं काहीतरी बोललो, पण ते पोकळ होतं. तिला तर त्याच वर्गात रोज राहायचं होतं. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की बीनोवाल्यांनाही हा प्रश्न पडला होता. खेळकरपणा आणि छळ यांत फरक आहे, हे लोकांनी त्यांना ऐकवलं. त्यांनी वॉल्टर बदलला. आताचा वॉल्टर महापौरांचा मुलगा आहे, पैशाचा आणि पदाचा तोरा मिरवणारा, आणि डेनिसची खोडी आता त्या तोऱ्याविरुद्ध असते. काही जुने वाचक यावर नाराज आहेत, पूर्वीची मजा गेली म्हणतात. माझं मत विचाराल तर झालं ते ठीक झालं. दुबळ्यावर हसणं सोपं असतं, त्याला चित्रकार कशाला हवा? बॅश स्ट्रीटमधल्या 'फॅटी'चं नाव २०२१ मध्ये 'फ्रेडी' केलं, त्यावरही तिकडे बरीच चर्चा झाली. नाव बदलल्यावर त्या पोराची भूक कमी झालेली नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

त्याच वर्षी त्या वर्गात काही नवी मुलं आली. त्यांत एक हर्षा चंद्रा आणि एक मंदिरा शर्मा. सत्तर वर्षांच्या जुन्या वर्गात नवीन मुलं येऊन बसली, आणि त्यांतल्या दोघींची नावं आपल्या गल्लीतली. मी हे उत्साहानं नातीला सांगायला गेलो तर तिला आधीच माहीत होतं. हर्षा खोडकर आहे आणि बाकाशेजारच्या मुलीला ती आवडते, एवढंच तिनं सांगितलं, आणि विषय बदलला. ज्या गोष्टीचं आपल्याला अप्रूप वाटतं ती तिच्या पिढीला साधी वाटते. बरंच आहे.

आता थोडं कामाचं. साप्ताहिकाशिवाय बीनोचा एक 'अॅन्युअल', म्हणजे वार्षिक अंक निघतो. जाड पुठ्ठ्याचा, पुस्तकासारखा. तो नाताळच्या भेटीसाठी असतो, पण बाजारात काही महिने आधीच येतो आणि त्यावर पुढच्या वर्षाचा आकडा असतो. म्हणजे २०२४ लिहिलेला अंक २०२३ मध्येच मिळतो. मी पहिल्यांदा मुलीला "चालू वर्षाचाच घे, पुढचा कसा मिळेल" असं सांगून एक वर्ष जुना घ्यायला लावला. तुम्ही ही चूक करू नका. आपल्याकडे त्याला जवळचा म्हणजे दिवाळी अंक. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे सणाला वाचायचं काहीतरी घरात आणायची रीत आहे. तिकडे नाताळला तेच. इंग्लंडातल्या नातवंडाला भेट काय द्यावी असा प्रश्न पडत असेल तर हा वार्षिक अंक द्या, आणि आधी एक प्रत स्वतः चाळा. इंग्रजी फार कठीण नाही. अडलात तर नातवंडालाच विचारा.

हे विचारणं मी आधी टाळत होतो. आजोबांनी सांगायचं आणि नातीनं ऐकायचं, अशीच माझी समजूत होती. तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही, कारण मला माहीत नसलेली गोष्ट मी माहीत असल्यासारखी सांगितली होती. आता रविवारी दुपारी आमचा कॉल असतो. तिच्याकडे सकाळ असते. ती अंक कॅमेऱ्यासमोर धरते, एकेक चित्र दाखवते आणि मला मराठीत समजावते. 'मेनेस'ला मराठी शब्द कोणता, यावर आमचं दोन रविवार चाललं. मी 'उपद्व्यापी' म्हटलं, ते तिच्या जिभेला वळेना. सौ. मधूनच म्हणाली, "वांड म्हण की." तो शब्द तिनं उचलला. आता डेनिस वांड, मिनी वांड, आणि वीज गेली म्हणून मी कॉल बंद केला तर मीही वांड.

मागच्या उन्हाळ्यात ती इथे आली होती. इंद्रजालचे माझे नऊ अंक ट्रंकेत उरले आहेत, वाळवीनं खाल्लेले सोडून. ते हिंदीत. तिला देवनागरी अक्षरं लावत वाचता येते, अडखळत. मी वाचून दाखवायला लागलो तर म्हणाली, "थांब, मला करू दे." डेंकालीच्या जंगलापर्यंत पोचायला तिला अर्धा तास लागला. मग विचारलं, "हा नंबर काय आहे? पहिला कुठे?" आणि माझ्याकडे बघून स्वतःच हसली.

जायच्या आदल्या दिवशी आम्ही राजघाटावर गेलो होतो. तापीला पाणी कमी होतं. परत येताना मावा जिलेबी घेतली, ती तिनं दोन खाल्ल्या. विमानतळाकडे निघताना तिनं आजीच्या हातात एक कागद ठेवला. त्यावर घाटाच्या पायऱ्या, पायरीवर पट्ट्यांच्या स्वेटरमधला डेनिस, शेजारी तोंडात जिलेबी धरलेलं काळं कुत्रं. कुत्र्याच्या तोंडून निघालेल्या फुग्यात तिनं देवनागरीत लिहिलं होतं, 'ग्नमस्ते'.

सौ.नं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मला म्हणाली, "अहो, पोरीचं शुद्धलेखन जरा बघा की. हा ग कशाला घातलाय?"